बेदाणा शेडभोवतीचे बीम सेन्सर: नवे घेण्याआधी खांब, अलाइनमेंट आणि वेळेचे सेटिंग तपासा

आपला प्रश्न मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडतो, म्हणजे समजण्यात चूक झाली असल्यास लगेच लक्षात येईल. तासगाव तालुक्यात आपल्या बेदाणा शेडचा आणि गोदामाचा आयताकृती प्लॉट आहे. त्याच्या दोन लांब बाजू पूर्व-पश्चिम, प्रत्येकी सुमारे १०५ मीटर आहेत आणि दोन आखूड बाजू ६० मीटर. गेल्या मे महिन्यात तारेच्या कुंपणाच्या आत चारही बाजूंना दुहेरी किरणांच्या बीम सेन्सरची एकेक जोडी (एका टोकाला किरण सोडणारा ट्रान्समीटर, दुसऱ्या टोकाला ते घेणारा रिसीव्हर) बसवली. पावसाळ्यानंतर खोटे अलार्म सुरू झाले, बसवणाऱ्याने येऊन ‘सेटिंग’ बदलले आणि अलार्म कमी झाले. मात्र मार्चच्या मध्यापासून दक्षिण बाजूचा सायरन रोज सकाळी साडेसहा ते पावणेसातच्या सुमारास वाजतो आहे, आणि मधल्या एका रात्री उत्तरेकडून कोणीतरी आत येऊन बेदाण्याचे अकरा बॉक्स नेले तेव्हा सायरन वाजलाच नाही. आता १०० मीटरऐवजी २०० मीटर पल्ल्याचे सेन्सर घ्यावेत का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर आहे, इतक्यात घेऊ नका. गेली एकोणीस वर्षे सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर जिल्ह्यांत शीतगृहे, गोदामे आणि सौर प्रकल्पांच्या कुंपणांवर मी हे काम करतो आहे, आणि सेन्सर खरोखर निकामी निघाला अशी प्रकरणे त्यात फार थोडी होती. आपल्या वर्णनात निदान तीन वेगळे दोष एकमेकांत गुंतलेले दिसतात. सरसकट महागडा सेन्सर लावला, तर त्यातला एक दोष झाकला जाईल आणि दोन तसेच राहतील. प्रत्यक्ष जागा पाहिल्याशिवाय काही गोष्टी छातीठोकपणे सांगता येणार नाहीत, म्हणून जिथे माझा अंदाज आहे तिथे तसे स्पष्ट लिहितो.

आधी अलार्म न वाजण्याबद्दल लिहितो, कारण माझ्या मते तो खोट्या अलार्मपेक्षा गंभीर दोष आहे. या सेन्सरमध्ये ट्रान्समीटरकडून अवरक्त किरणांचे दोन झोत एकावर एक निघतात, आणि ते दोन्ही एकाच वेळी, ठरावीक काळापेक्षा जास्त तुटले तरच रिसीव्हर अलार्म देतो. दोन्ही तुटण्याची अट असल्यामुळे उडता पक्षी किंवा गळून पडणारे पान सहसा अलार्म देत नाही. हा ठरावीक काळ बदलता येतो. बहुतेक मॉडेलमध्ये तो सुमारे ५० मिलिसेकंदांपासून ५०० किंवा ७०० मिलिसेकंदांपर्यंत असतो आणि रिसीव्हरमधल्या एका छोट्या स्क्रूने किंवा स्विचने ठरवता येतो. आता साधा हिशेब करून पाहा. किरण ओलांडणाऱ्या माणसाच्या धडाची जाडी सुमारे ३० सेंटिमीटर धरली आणि तो सेकंदाला १.२ मीटर वेगाने, म्हणजे नेहमीच्या चालीने जात असला, तर किरण जेमतेम २५० मिलिसेकंद तुटतो. तोच सेकंदाला ५ मीटर वेगाने धावत गेला, तर फक्त ६० मिलिसेकंद. म्हणजे हा काळ ५०० वर ठेवला असेल, तर धावणाराच काय, सरळ चालत जाणारा माणूसही सेन्सरला ‘दिसत’ नाही.

बसवणाऱ्याने ‘सेटिंग’ बदलले म्हणजे नेमके हेच केले असावे, असा माझा दाट संशय आहे. तक्रार आली की वेळ वाढवून द्यायची, ही आमच्या व्यवसायातली फार जुनी आणि फार घातक सवय आहे. खोटा अलार्म त्यामुळे थांबतो, पण त्याबरोबर खराही थांबतो, आणि मालकाला ते चोरी झाल्यावर कळते. आज संध्याकाळीच रिसीव्हरचे कव्हर उघडून ते सेटिंग पाहा. कुंपणालगत जिथे पळत येण्याइतकी मोकळी जागा आहे तिथे मी ५० ठेवतो, आणि जिथे कुंपण चढूनच यावे लागते व उतरल्यावर माणूस हळू हलतो, तिथे १०० पर्यंत जातो. ‘चढून येणाऱ्यासाठी’ म्हणून जास्त आकडे सुचवणारा तक्ता माहितीपुस्तिकेत असतो, पण तो भिंतीच्या माथ्यावर बसवलेल्या सेन्सरसाठी आहे. आपले सेन्सर जमिनीवरच्या खांबांवर आहेत.

उत्तर बाजूला आणखी एक शक्यता आहे. आपण पाठवलेल्या छायाचित्रात त्या कुंपणाजवळ पावसाचे पाणी काढून देणारा चर दिसतो. किरण सरळ रेषेत जातो, जमीन तशी जात नाही. खांबापाशी किरण ९० सेंटिमीटर उंच असेल आणि मधला चर ६० सेंटिमीटर खोल असेल, तर त्या ठिकाणी किरण तळापासून दीड मीटर उंच होतो, आणि माणूस नुसता वाकून त्याखालून निघून जातो. ज्याने दिवसा जागा पाहून ठेवली आहे त्याला हे सहज समजते. चर पाइप टाकून बुजवता येत असेल तर उत्तमच. नसेल, तर त्या भागापुरती ३०–४० सेंटिमीटर उंचीवर दुसरी जोडी लागेल, आणि त्या उंचीवर कुत्री व डुकरे अलार्म देणार हे स्वीकारावे लागेल. आपल्याकडे मोकाट कुत्री किती आणि कुंपणाची जाळी खालून किती घट्ट आहे, यावर हा निर्णय अवलंबून आहे. तो मी येथून घेऊ शकत नाही.

आता सकाळच्या अलार्मकडे येतो. मार्चच्या मध्यापासून, रोज साधारण त्याच वेळी, फक्त एका पूर्व-पश्चिम बाजूला, हे वाचल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर उगवता सूर्य आला. दक्षिण बाजूचा रिसीव्हर पश्चिम टोकाला असून त्याचे तोंड पूर्वेकडे आहे ना, ते पाहा. २१ मार्चच्या आसपास सूर्य जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो, आणि आपल्या भागात तेव्हा उगवण्याची वेळ साडेसहाच्या थोडी पुढे असते. क्षितिजालगतचा सूर्य किरणाच्या रेषेच्या दोन-तीन अंशांच्या आत आला की तो थेट रिसीव्हरच्या भिंगात शिरतो आणि ट्रान्समीटरचा मंद झोत त्या प्रखर उजेडात हरवतो. या काळात सूर्याची जागा दररोज साधारण ०.४ अंश उत्तरेकडे सरकते, त्यामुळे हा त्रास दहा-बारा दिवस चालतो आणि मग आपोआप नाहीसा होतो. सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्याच्या आगेमागे तो पुन्हा येईल. मधल्या काळात कोणी येऊन काही हात लावून गेला असेल, तर ‘दुरुस्त झाले’ असा सर्वांचा समज होतो, म्हणून तारखा वहीत लिहून ठेवा.

यावरचा उपाय म्हणजे त्या बाजूचे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची अदलाबदल करणे. मग रिसीव्हरचे तोंड पश्चिमेला होईल आणि मावळता सूर्य त्यात शिरेल, हे खरे आहे. पण संध्याकाळी साडेसहा-सातला आपले कामगार शेडवर असतात आणि यंत्रणा चालू केलेली नसते. आपली उत्तर बाजू बहुधा अशीच बसवलेली आहे, म्हणूनच तिच्याकडून सकाळी तक्रार येत नाही. ज्या ठिकाणी दिवसरात्र यंत्रणा चालू ठेवावी लागते, तिथे हा उपाय पुरत नाही. तिथे किरणाची रेषाच पाच-सहा अंश तिरकी घेऊन खांब उभे करावे लागतात, आणि तरीही वर्षातल्या दुसऱ्या एखाद्या पंधरवड्यात सूर्य त्या रेषेवर येतोच. अदलाबदल करताना दोन्ही टोकांच्या वायरिंगचे कामही बदलते, कारण सायरनकडे जाणारी अलार्मची जोडणी रिसीव्हरमधून निघते. म्हणून त्या टोकापर्यंत केबलच्या पुरेशा तारा आहेत का, हे आधी मोजून घ्या.

तिसरा दोष पावसाळ्यानंतर सुरू झालेल्या खोट्या अलार्मचा. याचे मूळ माझ्या मते जमिनीत आहे. आपल्या भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीत दीड फूट खड्डा करून उभा केलेला खांब सप्टेंबरपर्यंत हलला नाही, तरच नवल. डोळ्यांना तो सरळच दिसतो, पण खांब फक्त अर्धा अंश कलला तरी १०० मीटरवर किरणाचे केंद्र सुमारे ८७ सेंटिमीटर सरकते. झोत पुढे पसरत जातो म्हणून सेन्सर लगेच बंद पडत नाही. तो झोताच्या कडेवर, कमी प्रकाशावर चालत राहतो. मग थोडे दव पडले, भिंगावर धूळ बसली, अवकाळी पावसाची सर आली, की उरलेला प्रकाशही पुरत नाही आणि सायरन वाजतो. त्यात आपण १०० मीटर पल्ल्याचा सेन्सर १०५ मीटरवर लावला आहे. कंपनी मोकळ्या जागेसाठी जो पल्ला लिहिते, त्यात धुके आणि पावसासाठी मोठी राखीव क्षमता आधीच धरलेली असते. अनेक मॉडेलच्या पुस्तिकेत किरण स्वच्छ हवेत त्याच्या दहापट अंतर गाठतो असे दिलेले असते. त्यामुळे पाच मीटर जास्त असल्याने सेन्सर चालतो खरा, पण चालणे आणि भरवशाने चालणे यांत फरक आहे.

खांबांसाठी मी मुरूम लागेपर्यंत खोदतो. काळी माती फार खोल असेल तर निदान तीन फूट जाऊन, तळाला रुंद असा काँक्रीटचा ठोकळा घेतो आणि त्याच्या भोवती माती न भरता मुरूम भरतो. पाइप शक्यतो जाड जातीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) घ्यावा. सेन्सरबरोबर येणारे क्लॅम्प बहुतेक वेळा सव्वा इंची पाइपला बसतात, ज्याचा बाहेरचा व्यास ४२.४ मिलिमीटर असतो. दीड इंची पाइपचा व्यास ४८.३ मिलिमीटर असल्याने काही क्लॅम्प त्यावर बसतच नाहीत, आणि मग कामगार तार गुंडाळून सेन्सर बांधतात. असे बांधलेले सेन्सर मी पाहिले आहेत, आणि त्यांचे अलाइनमेंट, म्हणजे समोरासमोरची नेमकी जुळणी, एक वादळही टिकत नाही. कुंपणाच्या खांबावरच सेन्सर बसवणे तर टाळाच, कारण ताणलेली तार वाऱ्याने आणि म्हशींच्या अंग घासण्याने त्या खांबाला सतत हलवत असते.

लांब बाजूंसाठी माझा सल्ला मध्ये एक खांब उभारून ५२–५३ मीटरचे दोन टप्पे करावेत असा आहे. २०० मीटरच्या सेन्सरपेक्षा मी हा मार्ग पसंत करतो. टप्पा आखूड झाला की खांबाच्या तेवढ्याच कलण्याने किरण निम्मेच सरकतो, जमिनीचा उंचसखलपणा सांभाळता येतो, आणि अलार्म आला की राखणदाराला नेमके कुठे धावायचे ते कळते. आपल्याकडच्या चार जोड्या तशाच वापरता येतील, दोन नव्या घ्याव्या लागतील. मात्र मधल्या खांबावर एका जोडीचा ट्रान्समीटर आणि दुसरीचा रिसीव्हर असे पाठीला पाठ लावू नका. तसे केल्यास पहिल्या टप्प्याचा झोत मधला खांब ओलांडून दुसऱ्या टप्प्याच्या रिसीव्हरपर्यंत पोहोचू शकतो, आणि दुसऱ्या टप्प्यात माणूस आडवा आला तरी त्या रिसीव्हरला परक्या झोताचा प्रकाश मिळत राहतो. मधल्या खांबावर दोन्ही ट्रान्समीटर किंवा दोन्ही रिसीव्हर असावेत. आपल्या मॉडेलमध्ये किरणाची वारंवारता बदलण्याची सोय असेल, तर शेजारच्या जोड्यांना वेगळे चॅनेलही द्यावे. कोपऱ्यांवर दोन बाजूंचे किरण एकमेकांना ओलांडून जातील असे खांब ठेवा, नाहीतर दोन खांबांच्या मधल्या फटीतून आरामात आत येता येते.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: वेळेचे सेटिंग आज तपासावे, दक्षिण बाजूची अदलाबदल करावी, चराचा बंदोबस्त करावा आणि खांब पावसाळ्यापूर्वी नव्याने पक्के करावेत. अलाइनमेंट त्यानंतरच करावे. काँक्रीट ओले असताना केलेले अलाइनमेंट पुन्हा करावे लागते, म्हणून मी मध्ये निदान आठवडा जाऊ देतो.

अलाइनमेंटबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी ‘लाल दिवा विझला म्हणजे झाले’ अशा समजुतीने ते उरकले जाते. दिवा विझला याचा अर्थ रिसीव्हरला काहीतरी प्रकाश मिळतो आहे, एवढाच. आपल्याला जास्तीत जास्त प्रकाश हवा असतो. कामाला दोन माणसे आणि एक मल्टिमीटर लागतो, आणि दोघांच्या हातात चालू मोबाइल असावा. आधी ट्रान्समीटरच्या बाजूच्या छिद्रातून पाहून समोरचा रिसीव्हर मधोमध आणावा. तेच रिसीव्हरकडून करावे. समोरचा सेन्सर लांबून दिसत नसेल, तर त्याच्या मागे पांढरा पुठ्ठा धरायला सांगावा. मग रिसीव्हरच्या तपासणी टोकांवर मल्टिमीटर लावून एकावेळी एकच स्क्रू फिरवावा. आधी ट्रान्समीटर आडवा फिरवून व्होल्टेज डावीकडे कुठे घसरते आणि उजवीकडे कुठे घसरते ते पाहावे, आणि त्या दोहोंच्या मध्ये थांबावे. तसेच उभ्या दिशेत. मग हेच सर्व रिसीव्हरवर. पुन्हा एकदा ट्रान्समीटरवर येऊन खात्री करावी, कारण दुसऱ्या फेरीत आकडा बहुधा आणखी थोडा वाढतो. काही मॉडेलमध्ये वरचा आणि खालचा भिंगसंच वेगळा फिरतो. तिथे एक संच काळ्या कापडाने पूर्ण झाकून दुसरा जुळवावा, नाहीतर एकाच्या जोरावर दुसरा चुकीचा राहून जातो. किती व्होल्ट म्हणजे ‘उत्तम’ हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, म्हणून पुस्तिकेतला तक्ता समोर ठेवूनच काम करावे.

एक सापळा मात्र पुस्तिकेत ठळकपणे लिहिलेला नसतो. आपल्या पश्चिम बाजूला गोदामाची पत्र्याची भिंत किरणाच्या अगदी जवळ, फूटभरावर दिसते. अशा ठिकाणी किरण पत्र्यावरून परावर्तित होऊनही रिसीव्हरपर्यंत पोहोचतो. माझ्या उमेदवारीच्या काळात मी एका गोदामावर असाच परावर्तित झोत जुळवून बसलो होतो. मीटरवर आकडा समाधानकारक होता, दिवा विझलेला होता. तपासणीसाठी माझा सहकारी दोन सेन्सरच्या मध्ये उभा राहिला, आणि अलार्म आला नाही, कारण प्रकाश त्याला वळसा घालून पत्र्यावरून येत होता. त्या दिवसापासून मी किरण भिंतीपासून निदान एक मीटर दूर घेतो, आणि ते शक्य नसेल तर दिसणारा पत्रा मळकट काळ्या रंगाने रंगवून घेतो. पावसाने ओला झालेला पत्रा कोरड्यापेक्षा वेगळा वागतो, म्हणून अशा बाजूची तपासणी पाणी मारून पुन्हा करावी. बेदाण्याच्या रॅकवरची हिरवी शेडनेटही बांधून घ्या. तिचा सुटलेला पदर वाऱ्यात किरणापर्यंत पोहोचत असेल, तर अवकाळीच्या रात्रीच्या काही अलार्मचे कारण तेच असेल.

वीजपुरवठ्याचा हिशेबही एकदा करा. आपण केबल ०.५ चौरस मिलिमीटरची असल्याचे लिहिले आहे. तांब्याच्या अशा तारेच्या १२० मीटर लांबीला, जाणारी आणि येणारी मिळून, सुमारे ८.४ ओहम रोध असतो. दूरच्या टोकाला दोन जोड्या मिळून १६० मिलिअँपिअर घेत असतील, तर वाटेत १.३ व्होल्ट जातात. वीज असताना हे जाणवत नाही. वीज जाऊन बॅटरी साडेअकरा व्होल्टवर आली, की सेन्सरला दहाच्या थोडेच वर मिळतात, आणि अनेक सेन्सरना किमान साडेदहा लागतात. भारनियमनाच्या रात्री अलार्म जास्त येतात का, हे राखणदाराला विचारा. १.५ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये हीच घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. केबल सेन्सरमध्ये खालून, वाकवून वर आणावी आणि तिचे भोक सिलिकॉनने बुजवावे. हे काम पाण्यासाठी जितके महत्त्वाचे, तितकेच मुंग्या, कोळी आणि गांधीलमाश्यांसाठी. कव्हरच्या आत भिंगासमोर विणलेले कोळ्याचे जाळे मी दर पावसाळ्यानंतर काढतो. पाणी निघून जाण्यासाठी कंपनीने ठेवलेले छिद्र मात्र बुजवू नका.

सर्व जुळल्यावर कव्हर लावून चालण्याची तपासणी करावी. प्रत्येक टप्प्यात दर दहा मीटरवर एकदा चालत, एकदा पळत आणि एकदा वाकून किरण ओलांडावा, आणि चराच्या तळातूनही जाऊन पाहावे. दोनपैकी एकच किरण हाताने झाकून अलार्म येत नाही, याचीही खात्री करावी. एकाच किरणाला अलार्म येत असेल, तर दुसरा आधीच जुळलेला नाही. काही कंपन्या पेटीत प्रकाश कमी करणारी फिल्टरची पट्टी देतात. ती रिसीव्हरसमोर धरूनही अलार्म आला नाही, तर धुक्यासाठी पुरेशी राखीव क्षमता आहे असे समजावे. ही पट्टी बसवणारे बहुधा पेटीबरोबर टाकून देतात, ती मागून घ्या.

शेवटचे व्होल्टेज, तारीख आणि वेळेचे सेटिंग प्रत्येक रिसीव्हरच्या कव्हरच्या आतल्या बाजूस चिकटपट्टीवर लिहून ठेवा. ऑक्टोबरमध्ये माती सुकू लागली की तेच आकडे पुन्हा मोजा. आकडा उतरला असेल, तर खांब हलला आहे किंवा काच मळली आहे, आणि ते सायरन वाजण्याआधी कळते. रिसीव्हर उघडल्यावर सध्याचे वेळेचे सेटिंग आणि चारही बाजूंची व्होल्टेज येथे लिहिलीत, तर उत्तर बाजूबद्दल मी याहून नेमके सांगू शकेन.